कमाटी बागेपासून मांडवीपर्यंत: बडोद्यात नव्याने आलेल्यांसाठी दोन सकाळींची वाट

बडोद्यात नवीन आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगतं, "कमाटी बागेत जाऊन या." मग लोक रविवारी संध्याकाळी, म्हणजे अर्धं शहर तिथे असतं नेमक्या त्या वेळी जातात. मुलांना आगगाडीत बसवतात, वाघ-बिबळे दाखवतात, काहीतरी चटपटीत खातात आणि घरी येतात. बाग पाहून होते, बडोदं मात्र पाहायचं राहून जातं. नोकरीसाठी, विद्यापीठात शिकायला किंवा लेकीच्या सासरी म्हणून इथे आलेल्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: बाग, विश्वामित्रीवरचा पूल आणि पलीकडचं जुनं शहर ही एकच सलग वाट धरा, ती पायी चाला आणि तिला दोन सकाळी द्या. एका दिवसात सगळं उरकायला गेलात तर म्युझियममध्येच पाय दुखायला लागतील आणि तांबेकर वाडा उद्यावर जाईल. तो उद्या बहुधा येत नाही.

निघण्यापूर्वी

नकाशात 'सयाजीबाग' असं नाव दिसेल. रिक्षावाल्याला 'कमाटी बाग' सांगा, दुसरा प्रश्न येणार नाही. बागेत फिरायला तिकीट नाही. म्युझियम, प्राणिसंग्रहालय आणि मुलांची गाडी यांची तिकिटं वेगवेगळी काढावी लागतात. या ठिकाणांच्या साप्ताहिक सुट्ट्या एकाच वारी नसतात आणि सरकारी सुट्टीला म्युझियम बंद असू शकतं, म्हणून आदल्या दिवशी फोन करून किंवा बडोद्यातल्या ओळखीच्या माणसाला विचारून खात्री करून घ्या. सुटे पैसे जवळ ठेवा, पाण्याची बाटली भरून घ्या आणि चालायला सोयीच्या चपला घाला.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सगळ्यांत चांगले. एप्रिल-मे महिन्यांत इथलं ऊन चाळिशीच्या वर जातं, तेव्हा दहाच्या आत बागेतलं फिरणं संपवून म्युझियमच्या जाड भिंतींच्या आत शिरा. जानेवारीत महापालिकेच्या शाळांचा बाळमेळा याच बागेत भरतो. मुलं असतील तर मुद्दाम तेव्हा या, शांतता हवी असेल तर ते दिवस टाळा.

भाषेची चिंता करू नका. बोलायला सुरुवात गुजरातीत किंवा हिंदीत करा, पण पलीकडे दांडिया बाजार-रावपुऱ्यात शिरलात की ओट्यावर बसलेल्या आजोबांना सरळ मराठीत पत्ता विचारा. पत्ता तर मिळेलच, "तुमचं गाव कुठलं?" हेही विचारलं जाईल. २०१८ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरलं होतं. मराठीला इथे परकं वाटायचं कारण नाही.

पहिली सकाळ: स्टेशन ते काला घोडा

रेल्वे स्टेशनवर उतरलात तर अलकापुरीच्या बाजूला न जाता सयाजीगंजच्या बाजूने बाहेर पडा. एस. टी. स्टँडही त्याच बाजूला आहे. तिथून बाग पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे, सामान नसेल तर रिक्षा करू नका. वाटेत कला शाखेचा प्रचंड घुमट दिसेल. हे जुनं बडोदा कॉलेज, सुरुवात १८८१ची. इमारत रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाची. त्याचं नाव लक्षात ठेवा, बडोद्यात ते पुन्हा पुन्हा भेटतं. अरविंद घोष बडोद्याच्या नोकरीत असताना याच कॉलेजात शिकवत होते. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं आणि कॉलेज त्यात आलं. रस्त्यावरून घुमट पूर्ण दिसावा म्हणून जरा लांब उभे राहा, जवळ गेलात की तो झाडांमागे जातो.

पुढे काला घोडा. घोड्यावर बसलेले तिसरे सयाजीराव, ब्रिटिश शिल्पकार फ्रान्सिस डर्वेंट वुड यांनी ब्राँझमध्ये घडवलेले, १९०७ सालचे. आज हे चौकाचं नाव झालंय आणि रिक्षावाले तेवढंच ओळखतात. पण पुतळ्याजवळ क्षणभर थांबून महाराजांच्या वयाचा हिशेब मनात मांडा. १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरात जन्मलेला गोपाळ नावाचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसला. बाग लोकांसाठी खुली झाली १८७९च्या जानेवारीत, म्हणजे तेव्हा महाराज पंधरा वर्षांचे होते आणि कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. राज्याचे पूर्ण अधिकार त्यांच्या हाती १८८१ मध्ये आले. पुढे १९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. बाग, म्युझियम, वाचनालय, संगीतशाळा आणि शाळा यांच्यामागे एकच विचार आहे: जे राजवाड्यात आहे ते रयतेच्याही डोळ्यांसमोर यावं. हा विचार मनात ठेवून फिरलात तर इथल्या इमारती एकमेकींशी जोडल्या जातात.

बागेत आधी नदी

फाटकातून आत गेल्यावर लोक सरळ प्राणिसंग्रहालयाकडे वळतात. तुम्ही आधी नदीकडे जा. सकाळी सात-आठच्या सुमाराला इथे फक्त चालायला येणारी मंडळी, योगासनांचे गट आणि वडा-पिंपळांवरचे पक्षी असतात. बाग जवळजवळ ४५ हेक्टरांची आहे, त्यामुळे मुख्य रस्ता सोडून पाच मिनिटं आत गेलात की वाहनांचा आवाज मागे पडतो.

विश्वामित्री पावागडाच्या डोंगरात उगम पावते, शहराच्या मधून वळणं घेत जाते आणि पुढे ढाढरला मिळून खंभातच्या आखाताकडे जाते. तिच्यात मगरी आहेत. शहराच्या ऐन वस्तीतून वाहणाऱ्या नदीत शेकड्यांनी मगरी राहतात, असं दुसरं शहर मला माहीत नाही. हिवाळ्यात सकाळी ऊन वर आलं की त्या काठावर येऊन पडून राहतात. पुलावर किंवा कठड्याच्या आत उभं राहून पलीकडच्या चिखलाच्या उतारावर नजर फिरवा. ओंडका वाटलेली वस्तू पुष्कळदा मगर निघते. दुर्बीण असेल तर जरूर आणा.

एक गोष्ट मात्र अगदी स्पष्ट सांगतो. काठावर उतरू नका, पाण्यात पाय घालू नका, खायला काही टाकू नका, मुलांचा हात सोडू नका. ही मगर कायद्याने संरक्षित आहे आणि नदीकाठ हे तिचं घर आहे. पावसाळ्यात पाणी चढलं की ती वस्तीत शिरते. २०१९च्या आणि २०२४च्या पुरात ती रस्त्यांवर आणि सोसायट्यांच्या आवारात आलेली लोकांनी पाहिली. कधी दिसलीच तर गर्दी न करता वनविभागाला कळवा. बडोद्यात तिला पकडून सुखरूप सोडणारे स्वयंसेवकही बरेच आहेत.

संकल्पभूमी

नदीवरून परतताना चालायला आलेल्या कोणालाही 'संकल्पभूमी कुठे?' असं विचारा. या बागेत येऊन ते ठिकाण न पाहता जाणं मला बरोबर वाटत नाही. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. करारानुसार १९१७ मध्ये ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, पण इतक्या शिकलेल्या माणसाला या शहरात राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत ते नाव लपवून राहिले, तिथे जात कळल्यावर लाठ्या घेऊन जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. मुंबईच्या गाडीला काही तास होते. ते तास त्यांनी कमाटी बागेत बसून काढले, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. अस्पृश्यता मिटवण्याचा संकल्प त्यांनी इथे केला असं मानतात, म्हणून ही संकल्पभूमी. तो दिवस २३ सप्टेंबर १९१७ मानला जातो, आणि दरवर्षी त्या तारखेला दुरून माणसं इथे येतात.

महाराजांची शिष्यवृत्ती याच शहराची आणि धर्मशाळेच्या दारातल्या लाठ्याही याच शहराच्या. दोन्ही गोष्टी नव्या माणसाला ठाऊक असाव्यात, म्हणून मी पाहुण्यांना इथे आवर्जून नेतो.

म्युझियमला निदान दोन तास

म्युझियम सकाळी साडेदहाच्या सुमाराला उघडतं. तोवर नदी आणि संकल्पभूमी पाहून होते, मध्ये चहा घ्या. बडोदा म्युझियम अँड पिक्चर गॅलरी हे खरं तर दोन इमारतींचं मिळून एक ठिकाण आहे. म्युझियमची इमारत मेजर मँट आणि चिझम यांची, ती १८९४ मध्ये पूर्ण झाली. पिक्चर गॅलरीचं बांधकाम १९०८ मध्ये सुरू झालं आणि १९१४ मध्ये संपलं, पण पहिलं महायुद्ध पेटल्यामुळे युरोपात घेतलेली चित्रं तिथेच अडकली आणि गॅलरी उघडायला १९२१ उजाडलं. त्या चित्रांची निवड मॅरियन स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाने केली होती. दोन्ही इमारती आतून जोडलेल्या आहेत, तरी पहिल्या भेटीत सगळी दालनं पाहायचा हट्ट धरू नका.

मी असा क्रम सुचवतो. मुलं बरोबर असतील तर आधी निळ्या देवमाशाचा सांगाडा. महीच्या मुखाशी वाहून आलेलं हे पिल्लू होतं, आणि तरी सांगाड्याची लांबी ७० फुटांच्या पुढे आहे. मग इजिप्तची ममी. मुलांचं कुतूहल इथे भागतं आणि पुढचा वेळ तुमचा.

त्यानंतर अकोट्याची ब्राँझं. अकोटा आज बडोद्याचं एक उपनगर आहे, पण विश्वामित्रीच्या काठी तिथे अंकोट्टक नावाचं प्राचीन गाव होतं. १९५१ मध्ये तिथे जैन मूर्तींचा मोठा साठा सापडला. पाचव्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंतच्या या मूर्ती आहेत. जीवंतस्वामीची, म्हणजे दीक्षेपूर्वीच्या राजवेषातल्या महावीरांची मूर्ती आणि चवरी धरलेली स्त्री यांच्यासमोर वेळ काढा. चवरीवालीच्या उभं राहण्यातली सहजता आणि ओठांवरचं अस्फुट हसू पाहिलं की ती बाराशे वर्षांपूर्वीची आहे हे मनाला पटायला वेळ लागतो. सकाळी पाहिलेल्या त्याच नदीच्या काठावर हे घडत होतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

चित्रांमध्ये मुघल आणि राजस्थानी लघुचित्रं सोडू नका. युरोपीय तैलचित्रांची दालनं घाईत पाहिलीत तरी चालेल, असं माझं मत. चित्रकलेचे विद्यार्थी वेगळं सांगतील आणि त्यांचं त्यांनी ऐकावं. दालनांतला उजेड काही ठिकाणी कमी आहे, पाट्यांवरची अक्षरं बारीक आहेत. वयस्कर मंडळींना चष्मा आठवणीने घ्यायला सांगा. जिने आहेत, गुडघे दुखणाऱ्यांना खालच्या मजल्यावरची दालनं पुरेशी होतील.

मुलांची आगगाडी, फुलांचं घड्याळ, प्राणिसंग्रहालय आणि फाटकाजवळचं तारांगण हे सगळं वेळ उरला तर. प्राणिसंग्रहालयात पक्ष्यांचा विभाग चांगला आहे. तारांगणातल्या खेळाची वेळ आणि भाषा आत जाण्यापूर्वी विचारून घ्या.

दुसरी सकाळ: पूल ओलांडून

आज बागेत शिरायचं नाही. काला घोड्यापासून पुलावरून विश्वामित्री ओलांडा. पलीकडे लगेच कीर्तिमंदिराचं शिखर दिसतं. गायकवाड घराण्यातल्या दिवंगतांच्या स्मरणार्थ सयाजीरावांनी राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या सुमाराला, १९३६ मध्ये ते उभारलं. आत भिंतींवर नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत: गंगावतरण, महाभारताचं युद्ध, मीरेचं जीवन आणि टागोरांच्या नाटकावरचं 'नटीर पूजा'. नंदलालांचं इतकं मोठं काम पाहायला एरवी शांतिनिकेतनला जावं लागतं. इथे रस्त्यावरून जाणारे हजारो लोक आत काय आहे ते न पाहता पुढे जातात, याचं मला वाईट वाटतं. दार बंद दिसलं तर आवारातल्या रखवालदाराला नम्रपणे विचारा. चपला बाहेर काढा, आवाज हळू ठेवा आणि चित्रांना हात लावू नका.

तिथून कोठीवरून रावपुऱ्याकडे चालत राहा. कोठी म्हणजे गायकवाडी काळातली कचेरीची दगडी इमारत, आजही सरकारी कामाची. रावपुऱ्यात शिरल्यावर तांबेकर वाडा विचारा. तो मुख्य रस्त्यावर नाही, आतल्या गल्लीत आहे, आणि बाहेरून पाहून आत काय असेल याची कल्पना येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा लाकडी वाडा आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. वरच्या मजल्यांवर भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत: कृष्णलीला, महाभारत, इंग्रज-मराठे लढाई, टोपीवाले साहेब, नऊवारीतल्या बायका. जिना अरुंद आणि चढा आहे, एका वेळी एकानेच चढावं. चित्रं जुनी आणि नाजूक आहेत, फ्लॅश वापरू नका. पुण्या-सातारच्या वाड्यांत वाढलेल्या माणसाला लाकडी खांब, चौक, कोनाडे पाहून ओळखीचं वाटेल. चित्रांमुळे मात्र हा वाडा महाराष्ट्रातल्या बहुतेक वाड्यांपेक्षा श्रीमंत आहे.

भूक लागली असेल तर आता सेव-उसळ खा. वाटाण्याची उसळ, वर लाल तरी, मूठभर शेव, कांदा आणि सोबत पाव. मिसळीची ही बडोदेकर बहीण. कोल्हापूरकरांनी तरी आणखी मागावी, इतरांनी आधी चव घेऊन मग ठरवावं. घरी न्यायला बटाट्याचा ओला, हिरवट 'लीलो चेवडो' आणि भाकरवडी घ्या. लीलो चेवडो फार दिवस टिकत नाही, गावाला जाण्याच्या दिवशीच विकत घ्या. रावपुऱ्यात दुलीरामचे पेढेही मिळतात, काळपट, खमंग भाजलेले.

दांडिया बाजार हा मराठी वस्तीचा जुना भाग. अरविंद घोषांचं राहतं घर इथेच आहे, ते आज 'अरविंद निवास' म्हणून जपलंय आणि आत शांत बसता येतं. या गल्ल्यांमधून सूरसागराच्या काठी या. तलावाच्या मध्यभागी उभा असलेला शंकराचा उंच पुतळा लांबूनच दिसतो. तो बहुतेकजण मोबाइलमध्ये टिपतात, पण काठावरचं म्युझिक कॉलेज मात्र फार थोडे पाहतात. १८८६ मध्ये उस्ताद मौलाबक्ष यांनी महाराजांच्या आश्रयाने इथे गायनशाळा सुरू केली. सर्वसामान्य घरातल्या मुलांना गाणं शिकायची सोय तेव्हा झाली. तीच शाळा आज विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे. वर्ग चालू असतील तर रस्त्यावरून तबल्याचे बोल ऐकू येतात.

समोरच न्यायमंदिर. १८९६ची ही इमारत महाराणी चिमणाबाईंच्या नावाने ओळखली जाते आणि अगदी अलीकडेपर्यंत इथे कोर्ट भरत होतं. पुढे लहरीपुरा दरवाजातून आत गेलात की रस्ता थेट मांडवीपर्यंत, म्हणजे जुन्या शहराच्या मध्यावरच्या चारी बाजूंनी उघड्या दरवाजापर्यंत नेतो. या रस्त्यावर दुपारनंतर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून बाराच्या आत पोचा. वाचनाची आवड असेल तर मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी पाहिल्याशिवाय परतू नका. सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणायला सुरुवात केली, त्याचं हे केंद्र. पोलादी कपाटं आणि त्यांच्यामधल्या काचेच्या जमिनी मुद्दाम पाहा: वरच्या मजल्याचा उजेड खाली उतरावा म्हणून केलेली ही सोय. मराठी पुस्तकांचा संग्रहही मोठा आहे, आणि बडोद्यात काही काळ राहणार असाल तर इथे सभासद होणं हे तुमच्या पहिल्या कामांपैकी एक असू द्या.

राजवाडा वेगळ्या दिवशी

लक्ष्मीविलास पॅलेस या वाटेत कोंबू नका. तोही मँट-चिझम जोडीचा, १८९० मध्ये पूर्ण झालेला, आणि राजघराणं आजही तिथे राहतं. तिकीट महाग आहे. कानाला लावून ऐकायचं मार्गदर्शन मिळतं, ते ऐकत सावकाश फिरा. त्याच आवारातल्या फत्तेसिंह म्युझियममध्ये राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. तसबिरींमधून आपल्या घराघरांत पोचलेल्या चेहऱ्यांचे मूळ रंग इथे दिसतात. सोमवारी जाऊ नका. जाता-येता राजमहाल रोडवरचं खंडेराव मार्केट पाहा. १९०६ची ही देखणी इमारत, तिथे महापालिकेचं ऑफिस आहे आणि मागे फुलांचा, भाजीचा बाजार भरतो.

पावसाळ्यात ही वाट चालायची असेल तर आदल्या दिवशी विश्वामित्रीची पातळी बातम्यांत पाहा. काला घोडा पुलाजवळ मोजलेले फूट बडोदेकर सगळं जुलै-ऑगस्ट एकमेकांना सांगत असतात. पाणी वाढत असल्याचं कळलं तर बाग आणि पूल दोन्ही टाळा. मांडवीवरून स्टेशनला परत जायला शेअर रिक्षा आणि सिटी बस दोन्ही मिळतात. गाडीची वेळ जवळ आली असेल तर न्यायमंदिरापर्यंत पायी मागे या आणि तिथून रिक्षा करा, मांडवीच्या गर्दीतून ती लवकर बाहेर निघत नाही.